गवताचा डबा

माझ्या वेबसाइटवर जवळजवळ काहीच नव्हतं. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही, थोड्या तोऱ्यातच सांगते. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि ज्याची त्याची साइट लग्नाच्या मांडवासारखी सजलेली असायची. लुकलुकणारी अक्षरं, गरगर फिरणारे गोळे, पान उघडताच सुरू होणारं पिपाणीछाप संगीत आणि वर 'सहर्ष स्वागत' अशी पाटी. माझं पान पांढरं होतं. मधोमध रूळ, रुळांना एक फाटा, रुळांच्या वर एक बारीक रेघ म्हणजे विजेची तार, एक काळं इंजिन आणि काही रंगीत डबे. त्यावर एक ओळ होती, 'गाडी जुळवा.' मराठी अक्षरं तेव्हा कॉम्प्युटरवर धड उमटायची नाहीत, म्हणून ती ओळ मी चित्र काढायच्या प्रोग्रॅममध्ये माऊस धरून हाताने लिहिली होती. माऊसने लिहिलं की कोणाचंही अक्षर बालवाडीतलं दिसतं, तसं ते दिसायचं. खाली तेच इंग्रजीत. माझं नाव नाही, गाव नाही, फोटो तर नाहीच नाही.

तो कोड्यांचा खेळ होता. मालगाडीचे डबे अस्ताव्यस्त उभे आहेत. ते इंजिनाने पुढे-मागे ढकलत, काही फाट्यावर नेऊन ठेवत, खाली दाखवलेल्या क्रमाने जोडायचे. एक कोडं सुटलं की पुढचं. शेवटचं सुटलं की गाडी पडद्याच्या उजव्या टोकाने निघून जायची आणि रिकाम्या रुळांवर माझा ईमेलचा पत्ता उमटायचा. पत्ता फक्त तिथेच होता. ज्याने खेळ शेवटपर्यंत नेला त्यानेच माझ्याशी बोलावं, असं मी ठरवून टाकलं होतं. उगाच येरागबाळ्याशी मला बोलायचं नव्हतं.

खरं तर येरागबाळेही माझ्याशी बोलायला रांग लावून उभे नव्हते. मी तिशीला टेकले होते. लग्न झालेलं नव्हतं, आणि ते का झालं नाही याची चौकशी करणारेही एव्हाना कंटाळले होते. तलासरीच्या एका शाळेत मी गणित शिकवायचे आणि नरपडला, चिकूच्या वाडीतल्या दोन खोल्यांत एकटी राहायचे. शाळेत दिवसभर बोलून घसा बसायचा, पण ते बोलणं अपूर्णांकांचं. संध्याकाळी कडी काढून घरात शिरले की दुसऱ्या दिवशी सकाळी जीपमध्ये "जरा सरकता का?" म्हणेपर्यंत तोंड उघडायचं काही कारण नसायचं. कोणीतरी मला काहीतरी लिहावं, एवढंच मला त्या पानाकडून हवं होतं. हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नसतं.

हा खेळ मी शोधून काढलेला नाही. तो डहाणू रोडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये, आमच्या फरशीवर आधीपासून होता. बाबा स्टेशनात पॉइंट्समन होते. सांधे बदलायचे, शंटिंगच्या वेळी झेंडी घेऊन इंजिनाबरोबर चालायचं, डबे जोडायचे, सोडवायचे, हे त्यांचं काम. आई मी अगदी लहान असताना गेली होती. बाबांना बोलायची सवय नव्हती आणि मला कोणी ती लावली नाही, त्यामुळे आमचं घर फार शांत असायचं. शेजारच्या काकू म्हणायच्या, "तुमच्या घरात माणसं राहतात की नाय तेच कळत नाय."

ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. सुट्टीच्या दिवशी दुपारी जेवणं झाली की बाबा खडूने फरशीवर रूळ काढायचे, त्याला एक फाटा काढायचे आणि काड्यापेट्यांचे डबे मांडायचे. मिठाच्या डब्याला पांढरा कागद, चिकूच्या डब्याला तपकिरी. लाकडाच्या डब्यात काड्या तशाच ठेवलेल्या. गवताच्या डब्यात खरं वाळलं गवत खोचलेलं, तेही बाहेर डोकावणारं. इंजिन म्हणजे बुटाच्या पॉलिशची रिकामी डबी. बाबा डबे मांडायचे, मग त्यांच्याखाली खडूने क्रम लिहायचे आणि म्हणायचे, "असं उभं हाय. असं पायजे." एवढं सांगून ते भिंतीला टेकून बसायचे.

मी डबे सरकवत बसायचे. चुकलं तर ते काही बोलायचे नाहीत. फारच अडले तर बोटाने फाट्यावर टकटक करायचे, म्हणजे एक डबा तिकडे घेऊन बघ. सुटलं की ते दोन्ही ओठ आवळून इंजिनाची शिटी वाजवायचे. बाबांना येणारी ती एकच गंमत होती आणि ती मला कितीही वेळा चालायची. दुसऱ्या घरांत बाप पोरींना गोष्टी सांगत असतील, माझ्या बापाने मला शंटिंग सांगितलं.

त्या काळी आसपासच्या डोंगरांवरून कापलेलं गवत गाठी बांधून मुंबईच्या तबेल्यांकडे जायचं. स्टेशनाजवळ गवताच्या वखारी होत्या. हंगामात सगळ्या वस्तीला वाळक्या गवताचा वास यायचा आणि बाबांच्या सदऱ्याला तर तो धुतल्यावरही असायचा. एकदा मी फरशीवर गवताचा डबा थेट पॉलिशच्या डबीला नेऊन भिडवला. बाबांनी हात पुढे करून तो मागे घेतला आणि मधे एक रिकामी काड्यापेटी ठेवली.

"गवत इंजिनाला लावत नाय," ते म्हणाले.

"का?"

"ठिणगी."

मी मान डोलावली. वाफेच्या इंजिनातून ठिणग्या उडतात, गवत पेट घेतं, म्हणून मधे एक रिकामा डबा. सोपं होतं. तेव्हापासून मी गवत इंजिनाला कधी लावलं नाही. जसं जेवताना डावा हात ताटात घालत नाहीत, तसं ते होतं.

पण पुढे मला शिंगं फुटली. मी प्राथमिक शाळा संपवून मोठ्या शाळेत गेले होते आणि सगळ्याला 'का' विचारायचं वय होतं. एका दुपारी मी म्हणाले, "बाबा, आता कुठे उडते ठिणगी? वर विजेच्या तारा आहेत. शंटिंगला डिझेल येतं. वाफेचं इंजिन मी तर बघितलंसुद्धा नाही."

बाबांनी जरा विचार केला. "नाय उडत," ते म्हणाले.

"मग लावलं तर काय होईल?"

"काय नाय होणार."

"मग?"

"मग काय? आपण लावत नाय."

मला ते उत्तर अजिबात पटलं नाही. मी चिडून पॉलिशची डबी बाजूला सारली आणि बाबांनी ती शांतपणे पुन्हा रुळावर ठेवली. खऱ्या यार्डातही ते तसंच करायचे. जमेल तिथे गवताच्या आणि इंजिनाच्या मधे रिकामा डबा घालायचे. ड्रायव्हर वैतागायचे, वरून हात नाचवत हिंदीत काहीबाही बोलायचे. बाबा झेंडी हलवत चालत राहायचे.

कारण त्यांनी एकदाच सांगितलं, तेही अर्धवट. मी कॉलेजात होते. चहा पिता पिता, काही विषय नसताना ते म्हणाले, "गवताला आग लागली ना बाय, तर ती आधी दिसत नाय. आधी आवाज येतो." डहाणूला यायच्या आधी, नोकरीच्या सुरुवातीला, दुसऱ्या कुठल्याशा स्टेशनात त्यांनी तो ऐकला होता. कोणाला काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. आमच्या घरात खोदून विचारायची पद्धत नव्हती, त्यामुळे ते तिथेच राहिलं.

मग गवत ट्रकने जायला लागलं. सुटे सुटे डबे जोडून मालगाडी करायची पद्धतही गेली. मालधक्क्याकडचा फाटा गंजला आणि त्याच्यावर गवत वाढलं. बाबा रिटायर झाले, क्वार्टर सोडावं लागलं, आणि आम्ही नरपडला आलो. तिथे समोर चिकूची झाडं आणि मागे थोड्या अंतरावर समुद्र. रविवारी दुपारी ते सिमेंटच्या जमिनीवर खडूने रूळ काढायचे. मी तोवर पगारदार बाई झाले होते, तरी पदर खोचून जमिनीवर बसायचे. त्यांची कोडी आता अवघड झाली होती. यार्डातलं काम संपलं होतं ना, सगळं डोकं त्या काड्यापेट्यांत लागायचं.

मग बाबा गेले. पावसाळा सरत आला होता, दुपारची वेळ होती, चहा ओतून ठेवला होता. त्याहून जास्त मला त्याबद्दल लिहिता येत नाही. काड्यापेट्या मी फडताळात ठेवल्या. समुद्राकाठच्या दमट हवेने पुढच्या वर्षापर्यंत त्या मऊ पडल्या.

शाळेला त्या सुमारास कोणीतरी एक कॉम्प्युटर भेट दिला. त्याच्यावर झालर लावलेलं कापड घातलेलं असायचं आणि खोलीत चपला काढून जायचं असायचं. देवघराला आमच्या शाळेत एवढा मान नसेल. गणिताच्या बाई म्हणजे कॉम्प्युटरच्या बाई, असं परस्पर ठरून गेलं आणि किल्ली माझ्याकडे आली. मी एक जाडजूड पुस्तक आणलं आणि मधल्या सुट्टीत, रिकाम्या तासाला, वीज असेल तेव्हा एकेक गोष्ट करून बघायला लागले. आधी एक चौकोन काढला. मग तो चौकोन सरकवला. चौकोन सरकला त्या दिवशी मी खुर्चीत मागे टेकले आणि दोन्ही ओठ आवळून शिटी वाजवली. शिपाई दारात येऊन बघून गेला.

मग मी बाबांची कोडी आठवून आठवून त्यात घातली. फ्लॉपी जेवणाच्या पिशवीत, डब्याशेजारी ठेवून रोज नरपड ते तलासरी आणि तलासरी ते नरपड असा तिचा प्रवास. इंजिन कधी थांबावं हे लिहून द्यावं लागतं. रूळ संपले की थांबावं. पुढे डबा अडकला असेल तर थांबावं. गवताचा डबा इंजिनाला भिडत असेल तर थांबावं. हे तिन्ही मी एका दमात लिहिलं. तिसरं काही वेगळं आहे असं मला वाटलंच नाही.

डहाणू रोडला स्टेशनासमोर एका गाळ्यात एसटीडी, झेरॉक्स आणि कॉम्प्युटर क्लास असं सगळं एकत्र होतं. मालक गुजराती बोलणारे, गल्ल्यावर बसून तीन भाषांत एकाच वेळी भांडू शकणारे गृहस्थ. इंटरनेट म्हणजे मुंबईला फोन लावायचा, मशीन किंचाळायचं आणि मग पान वरून खाली थेंब थेंब उतरायचं. फुकट जागा देणारी एक साइट होती, तिथे मी माझं पान चढवलं. वर त्यांची जाहिरात लागायची, त्याला इलाज नव्हता. मालक मागे येऊन उभे राहिले.

"बेन, पान पूरं आलं नाय. पुन्हा उघडा."

"आलंय पूर्ण."

"एटलुंच? बस एवढंच?" त्यांनी चष्मा वर केला. "थोडा म्युझिक टाका. वेलकम लिहा. कोणाचं हाय ते कसं कळणार लोकांना?"

"नको कळायला."

"तर मग टाकता कशाला?"

मी फ्लॉपी काढून पिशवीत ठेवली. ते म्हणाले, निदान कसं खेळायचं ते तरी लिहा. मी म्हणाले, "खेळता खेळता कळतं. मला कोणी लिहून दिलं होतं?" त्यांनी खांदे उडवले आणि झेरॉक्सच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

शनिवारी अर्धा दिवस शाळा. परत येताना मी त्या गाळ्यात थांबायचे आणि मेल बघायचे. मशीनचं किंचाळणं संपून मेलबॉक्स उघडेपर्यंत भिंतीवरचं देवीचं कॅलेंडर बघत बसायचे. मेलबॉक्स रिकामा. पुढच्या शनिवारी रिकामा. त्याच्या पुढच्याही. माणसं यायचीच नाहीत असंही नव्हतं. पानावर किती जण आले याचा आकडा ती साइट दाखवायची आणि तो वाढत होता. आधी वाटलं, मीच सारखी उघडते म्हणून वाढत असेल. पण मी शनिवारचीच उघडायचे आणि आकडा तर दर वेळी कितीतरी पुढे सरकलेला असायचा. कुठून कुठून कोण कोण येत होतं, थोडं खेळत होतं आणि निघून जात होतं. कोणी शेवटपर्यंत पोचत नव्हतं.

मला वाईट वाटायचं. नुसतं वाईट नाही, रागही यायचा. लोकांना डोकं नाही, धीर नाही, चार डबे ढकलायचे तर कंटाळा, असं मी रिक्षात बसून मनातल्या मनात बडबडायचे. घरी आले की राग जायचा आणि फक्त एकटं वाटायचं. बाबा गेल्यावर मी रडले होते, लोक आले होते, सगळं रीतसर झालं होतं. पण ते नाहीत हे मला खरं कळलं ते त्या रिकाम्या मेलबॉक्ससमोर. मी कोडं मांडून भिंतीला टेकून बसले होते आणि समोर कोणी नव्हतं.

शाळेत मराठी शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्या कासाला राहायच्या आणि चारोटीला आमच्या जीपमध्ये चढायच्या. त्या चढल्या की तलासरीपर्यंत मला काही बोलावं लागायचं नाही, त्या दोघींच्या वाटचं बोलायच्या. एकदा रिकाम्या तासाला, वीज होती म्हणून, मी त्यांना म्हणाले, "बाई, एक गंमत दाखवू?" असं मी कधी कोणाला म्हणत नाही. त्याही चकित झाल्या. चपला काढून आत आल्या, झालर बाजूला केली.

"अगं बाई, किती गोड डबे!" म्हणत त्यांनी पहिली कोडी पटापट सोडवली. डोकं त्यांचं चांगलं होतं. मग गवत असलेलं कोडं आलं. त्यांनी इंजिन नेलं, गवताच्या डब्याशी आणलं. इंजिन थांबलं. त्यांनी पुन्हा नेलं. पुन्हा थांबलं.

"बंद पडलं वाटतं हो."

"नाही, चालू आहे."

"मग पुढे का जात नाही?"

"अहो बाई, गवत आहे ते."

"हो, दिसतंय की. पिवळं."

"मग इंजिनाला कसं लावाल?"

"का? काय होतं?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. मला वाटलं, चेष्टा करताहेत. या बाई याच भागातल्या. त्यांच्या सासरी गवत कापून गाठी बांधून विकायचे, हे त्यांनीच मला जीपमध्ये सांगितलेलं. आणि त्या खरोखरच विचारत होत्या.

"गवत इंजिनाला लावत नाहीत," मी म्हणाले.

"असं कुठे लिहिलंय?"

कुठेच नव्हतं लिहिलेलं. बाई हसायला लागल्या. "तुमचं म्हणजे माझ्या सासूसारखं झालं हो. सांगायचं काही नाही आणि सुनेचं चुकलं की गप्प बघत बसायचं!"

मीही हसले. परतीच्या जीपमध्ये त्या नेहमीसारख्या बोलत होत्या आणि मी बाहेर बघत होते. माझ्या पानावर आलेला प्रत्येक जण त्या गवताच्या डब्याशी येऊन थांबला असणार. इंजिन पुढे जात नाही म्हणजे खेळ बिघडलाय असं समजून परत गेला असणार. आणि बिघडलाय हे मला कळवायचं म्हटलं तरी पत्ता कुठे होता? सगळ्यात शेवटी, गवताच्या पलीकडे. उभ्या जगात तो खेळ पुरा करू शकणारी दोनच माणसं होती. एक मी, आणि दुसरे बाबा. माझे डोळे भरून आले. बाई म्हणाल्या, "धूळ गेली का? काच लावा ना वर." मी काच वर केली.

आता एक ओळ लिहिली की काम होतं. पण माझ्याने ती लिहवेना. सांगून ठेवलं की ती सूचना होणार. 'कृपया गवतावर चालू नये' असल्या पाट्यांच्या जातीची. बाबांनी यार्डात जन्मभर शिव्या खात जे सांभाळलं, ते माझ्या पानावर एक कलम होऊन बसणार. आणि दुसरं एक होतं, ते जास्त खरं होतं. आता मला कळलं होतं की न सांगता हा खेळ सोडवणारा माणूस म्हणजे बाबांसारखाच कोणीतरी असणार. कुठल्या तरी देशातल्या, कुठल्या तरी जुन्या यार्डातला. त्याची मेल आली असती तर मी काय केलं असतं कोण जाणे. ओळ लिहिली की तो माणूस कायमचा गेला. न लिहिली तर कोणीच नाही. मी कित्येक शनिवार त्या गाळ्यात जाऊन नुसतं पान उघडलं आणि बंद केलं.

शेवटी मालकांनी विचारलं आणि मी त्यांना सगळं सांगितलं. बाबांचं सोडून. ते गल्ल्यावरून उठलेही नाहीत. "बेन, तुम्ही शटर पाडून आत बसता, ने पछी बोलता के गिऱ्हाईक नाय आला."

"शटर नाही हो पाडलेलं. अर्धं आहे."

"अर्धा शटरमां कोण वाकून येणार?"

त्या शनिवारी मी चित्राचा प्रोग्रॅम उघडला आणि माऊस धरून, वेड्यावाकड्या अक्षरात, पहिल्या ओळीच्या खाली लिहिलं, 'गवत इंजिनाला लावत नाहीत.' खाली इंग्रजीत. बाकी पान तसंच पांढरं ठेवलं. घरी येताना मला काहीतरी विकून आल्यासारखं वाटत होतं.

पुढच्या शनिवारी मेलबॉक्स रिकामा नव्हता. लोकांनी लिहिलं होतं. छान आहे, शेवटचं कोडं फार अवघड होतं, आणखी कोडी करा, तुम्ही कोण आहात. मला आनंद झाला, उगाच नाही कशाला म्हणू? मी प्रत्येकाला उत्तर दिलं. पण ती सगळी पत्रं डब्यांबद्दल होती. वाचून झाली की संपायची. काही शनिवारांनी ती थोडी थोडी कमी झाली.

मग एक मेल आली. लिहिणारा कुठल्या देशातला हे त्याने लिहिलं नव्हतं, खाली नावाचं एकच अक्षर होतं. त्याचं इंग्रजी माझ्यासारखंच, शाळेत घोकून शिकलेलं. बाहेर बर्फ आहे, मी बरेच दिवस घरातच आहे, तुमचा खेळ शेवटपर्यंत सोडवला, असं लिहून पुढे त्याने विचारलं होतं: 'तुमच्या चित्रात रुळांवर विजेची तार आहे. म्हणजे इंजिनातून ठिणगी उडायचा प्रश्न नाही. मग गवत इंजिनाला लावलं तर काय होईल?'

मी ते वाचलं आणि मला आमची फरशी दिसली, पॉलिशची डबी दिसली, चिडलेली मी दिसले. उत्तर लिहायला बसले. वाफेचं इंजिन, डहाणूचं गवत, वखारी, झेंडी, हात नाचवणारे ड्रायव्हर, आग आधी दिसत नाही आधी आवाज येतो, सगळं लिहिलं. बाबांबद्दल मी तोपर्यंत कोणालाच काही सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं. फोनचं मीटर पळत होतं, मालक दोनदा खाकरले. मग मी सगळं पुन्हा वाचलं, आणि मला वाटलं, बाबा हे वाचते तर लाजून उठून गेले असते. मी सगळं पुसलं. एवढंच ठेवलं: 'काही होणार नाही. पण माझे बाबा म्हणतात, आपण लावत नाही.'

'म्हणायचे' असं लिहायला हवं होतं, ते मेल गेल्यावर लक्षात आलं. दुसरी मेल पाठवून दुरुस्त करता आलं असतं. केलं नाही.

पुढच्या शनिवारी उत्तर आलं होतं. एवढंसंच होतं. 'ठीक आहे. तुमच्या बाबांना सांगा, मीही लावणार नाही.'

मी ते किती तरी वेळ बघत बसले. मालक उठून जवळ आले. "शुं थयुं, बेन? व्हायरस?"

"नाही," मी म्हणाले. "निरोप आहे."

रिक्षा करून नरपडला आले. ऊन होतं. वाडीत चिकू उतरवणं चाललं होतं, बायका करंड्या भरत होत्या. त्यांच्या मधून मी घाईघाईने चालत गेले, जणू घरात कोणी माझी वाट बघत होतं. कडी काढली, पिशवी खांद्यावरच होती. आतल्या खोलीच्या दारात, जिथे ते रूळ काढायचे तिथे उभी राहून मी मोठ्याने म्हणाले, "बाबा, निरोप आलाय. आणखी एक जण आहे. तो पण लावणार नाही म्हणतोय."

त्या घरात माझा आवाज मी किती दिवसांनी ऐकत होते. मी पिशवी खांद्यावरून उतरवली. आतून कोणी काही बोललं नाही. बाबा असते तरी बोलले नसते.